बी-शिफ्ट तक्रार करत नव्हती: बुटीबोरीतल्या एका कारखान्याचा प्रकरण अभ्यास

नागपूरहून वर्धा रोडने खापरी आणि जामठा मागे टाकून पुढे गेलं की बुटीबोरीची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मोल्डिंग मशीनवर प्लास्टिकचे सुटे भाग बनतात. पाळ्या तीन. ए-शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, बी-शिफ्ट दुपारी तीनला आणि सी-शिफ्ट रात्री अकराला. व्यवस्थापनाच्या लेखी या तिघींत बी सगळ्यांत शहाणी होती. ए-शिफ्टचे लोक कँटीनच्या भाजीपासून कूलरच्या पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीवर बोलायचे आणि एचआरच्या दारात जाऊन उभे राहायचे. बी-शिफ्टकडून अर्ज येत नव्हता, माणूसही येत नव्हता. तरी बी संपून सी सुरू झाली की पहिल्या तासात रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून बाद होणारा माल, वाढायचं. याचं कारण बरेच दिवस मशीनमध्ये शोधलं गेलं, मग प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यात, मग साच्यात.

त्याच सुमारास एक संशोधिका या कारखान्यात पोचल्या. नोकरीतील समाधान आणि कामाच्या ठिकाणची वर्तणूक हा त्यांचा पीएचडीचा विषय. आधी त्यांनी स्वतः काही वर्षं एचआरमध्ये काम केलेलं होतं, त्यामुळे कारखान्याची भाषा त्यांना नवी नव्हती. मी नागपुरात औद्योगिक मानसशास्त्र शिकवतो. या अभ्यासाच्या बहुतेक टप्प्यांवर त्यांच्याशी माझं सविस्तर बोलणं होत होतं, आणि त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. कंपनीचं नाव, मालाचं नाव किंवा कोणाची ओळख पटेल असा तपशील इथे देत नाही. भाग घेणाऱ्यांना तसा शब्द दिला होता, म्हणून काही बारकावे बदललेही आहेत.

पहिली फेरी

त्यांनी वापरलेली नोकरीतील समाधानाची प्रश्नावली मानसशास्त्रज्ञ पॉल स्पेक्टर यांची होती. १९८५ साली प्रसिद्ध झालेली ही प्रश्नावली आपल्याकडच्या प्रबंधांतही पुष्कळदा दिसते. तिच्यात ३६ विधानं आहेत आणि ती नोकरीच्या नऊ अंगांना हात घालतात: पगार, बढती, देखरेख, सोयीसवलती, चांगल्या कामाची दखल, नियम आणि कार्यपद्धती, सहकारी, कामाचं स्वरूप आणि संवाद. प्रत्येक विधानापुढे सहा पर्याय असतात, ‘पूर्ण असहमत’पासून ‘पूर्ण सहमत’पर्यंत. एकूण गुण ३६ ते २१६ यांच्या दरम्यान येतात. ढोबळ वाचन असं की १०८ च्या खाली असमाधान, १४४ च्या वर समाधान आणि मधला पट्टा द्विधा मनःस्थितीचा.

मराठी भाषांतर नीट केलेलं होतं, आधी थोड्या लोकांवर तपासूनही पाहिलं होतं. कंपनीने सहकार्य केलं. कागद कँटीनमध्ये वाटले गेले आणि प्रत्येक शिफ्टच्या इन्चार्जने ते भरून घेऊन एचआरकडे जमा केले. सगळे कागद परत आले, एकही गहाळ नाही. संशोधनात असं क्वचित घडतं, आणि घडलं तर आनंदापेक्षा शंका आधी यावी असं माझं मत आहे.

बी-शिफ्टचे कागद हातात घेतले तेव्हा त्या शंकेला आधार मिळाला. कितीतरी कागदांवर वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात खुणा होत्या: ‘बऱ्यापैकी सहमत’. अडचण अशी की स्पेक्टर यांच्या ३६ विधानांपैकी १९ मुद्दाम उलट्या बाजूने लिहिलेली आहेत. एका ठिकाणी साहेब आवडतात असं विधान येतं आणि दुसऱ्या ठिकाणी साहेब अन्याय करतात असं येतं. दोन्हींशी ‘बऱ्यापैकी सहमत’ असणारा माणूस साहेबांविषयी काहीच सांगत नसतो. तो कागदाविषयी सांगत असतो: हा कागद कोण गोळा करणार आहे ते मला माहीत आहे.

इथे गणितही बघण्यासारखं आहे. सगळीकडे ‘बऱ्यापैकी सहमत’ म्हणजे प्रत्येक विधानाला ५ गुण. उलटी विधानं फिरवून मोजली की तिथे ५ चे २ होतात. १७ सरळ विधानांचे ८५ आणि १९ उलट्यांचे ३८, मिळून १२३. म्हणजे ज्याने एकही विधान वाचलं नाही असा माणूस बरोबर मधल्या पट्ट्यात जाऊन बसतो. संगणकाला यात काही वावगं दिसत नाही. प्रबंधात एक वाक्य छापलं जातं की कर्मचाऱ्यांचं समाधान मध्यम पातळीचं आहे, आणि समितीसुद्धा ते वाक्य मान्य करून पुढे सरकते. अशी किती वाक्यं आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मुकाट उभी असतील, या विचाराने मला खरोखर वाईट वाटतं. कारण त्या प्रत्येक वाक्यामागे कोणीतरी बोलायचं टाळलेलं असतं.

संशोधिकेने हे कागद बाजूला ठेवले. फेकले नाहीत. एका रकान्यात उतरलेल्या खुणा हीच माहिती आहे, असं त्यांनी टिपणात लिहून ठेवलं. ए-शिफ्टच्या कागदांत असा प्रकार जवळजवळ नव्हता. तिथे खुणा इकडेतिकडे होत्या, काही ठिकाणी खोडून पुन्हा केलेल्या होत्या. एकाने तर समासात पेनाने लिहिलं होतं की बढतीचा प्रश्न दोनदा विचारला आहे, उत्तर एकच आहे, नाही. वाचणाऱ्याचे कागद असे असतात.

वही

मोल्डिंगच्या कारखान्यात पाळी बदलताना एक वही असते, हँडओव्हर रजिस्टर. जाणारा ऑपरेटर येणाऱ्यासाठी तिच्यात लिहून ठेवतो. मशीन बंद कितीदा पडली, कोणता साचा लागला आहे, शॉट किती झाले (म्हणजे साचा किती वेळा भरला), एवढं छापील रकान्यांत भरावंच लागतं. शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रुंद रकाना असतो. तिथे काय लिहायचं याची सक्ती नसते. खरी उपयोगाची गोष्ट मात्र तिथेच असते. तिसऱ्या कॅव्हिटीत (साच्याच्या खाचेत) कडेला फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकची पापुद्री, येतोय, क्लॅम्पिंग पाहून घ्या. नायलॉनचा दाणा पुरेसा वाळला नव्हता, पहिल्या मालावर चंदेरी चट्टे आले, ड्रायर अर्धा तास जास्त चालवा. दुसऱ्या झोनचा हीटर काट्यावर बरोबर दाखवतो, पण थंड आहे. असा शेरा मिळाला तर येणारा माणूस पाच मिनिटांत मशीन ताब्यात घेतो. नाही मिळाला तर तो तेच सगळं स्वतः शोधतो, आणि शोधेपर्यंत निघालेला माल बाद होऊन दळायला ग्राइंडरमध्ये जातो.

हा शेरा लिहिणं नोकरीच्या अटीत नाही. लिहिला नाही म्हणून कोणाचा पगार कापता येत नाही, लिहिला म्हणून जास्त मिळतही नाही. कुठलीही संस्था टिकते ती अशाच वागण्यावर. संस्थांमधल्या वर्तनाचे अभ्यासक डेनिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या वागण्याला स्वतंत्र जागा दिली: नेमून न दिलेली, बक्षिसाची हमी नसलेली, तरीही एकूण कामाला हातभार लावणारी मदत. समाधानाचा परिणाम उत्पादनाच्या आकड्यात शोधण्याआधी इथे शोधावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागे कारण होतं. कामाचा वेग यंत्र ठरवतं. माणसाच्या हातात उरतं ते हे बाकीचं.

संशोधिकेने जुन्या वह्या मागितल्या. स्टोअरमध्ये त्या गठ्ठ्याने पडून होत्या, कोणी कधी मागितल्या नव्हत्या. त्यांनी बी-शिफ्टचा ‘शेरा’ रकाना महिन्यामागून महिना वाचत नेला. मार्च अखेरपर्यंत तो भरलेला होता. अक्षर वाईट, भाषा थेट नागपुरी, पण मजकूर नेमका. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून एकेका मशीनपुढे एकच शब्द येऊ लागला: ओके. मे महिन्यात जवळजवळ सगळीकडे तोच. मशीनं तीच, साचे तेच, माणसंही बहुतेक तीच.

इतर कारणं तपासून पाहणं भाग होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं. नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे पारा पंचेचाळिशीकडे. मोल्डिंग शॉपमध्ये हीटरची उष्णता वेगळी. उन्हाने लिहिण्याचा कंटाळा आला असेल का? मग ए-शिफ्ट तर भर दुपारी त्याच शेडमध्ये होती, तिच्या शेऱ्यांत फरक पडला नव्हता. वहीचा नमुना बदलला होता का? नाही. नवा शिफ्ट इन्चार्ज आला होता का? तोही जुनाच. लग्नसराई आणि शेतीची कामं? गैरहजेरी थोडी वाढली होती, पण हजर असलेल्यांनीही लिहिणं सोडलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला बी-शिफ्टपुरतं काहीतरी घडलं होतं.

फलकावरची सूचना

घडलं ते असं. नव्या आर्थिक वर्षात वाहतुकीचं कंत्राट नव्याने झालं आणि कंपनीच्या बसचा मार्ग आखूड करण्यात आला. आधी बस मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर असं आत शिरून माणसं उतरवायची. आता ती छत्रपती चौकात थांबणार होती. सूचना फलकावर लागली, चार ओळींची, खाली सही. कारण दिलेलं नव्हतं.

ए-शिफ्टला याचा त्रास झाला, पण तिची सुटी दुपारी. चौकात उतरलं की सिटी बस, ऑटो, मेट्रो काहीतरी मिळतं. सी-शिफ्ट सकाळी सुटते. बी-शिफ्ट मात्र रात्री अकराला सुटून पावणेबाराच्या आसपास चौकात उतरते. त्या वेळी मेट्रो नसते. ऑटोवाला बेसा म्हटलं की दिवसाच्या दुप्पट भाडं सांगतो. ज्यांच्याकडे गाडी होती त्यांनी ती चौकात लावायला सुरुवात केली. दोघांच्या गाड्यांतून पेट्रोल काढून नेलं गेलं. ज्यांच्याकडे गाडी नव्हती ते पायी जायचे.

हे सगळं प्रश्नावलीतून आलेलं नाही. पहिल्या फेरीनंतर संशोधिकेने मार्ग बदलला. एचआरला सांगून, पण एचआरला मध्ये न घेता, त्या बी-शिफ्ट सुरू होण्याआधी छत्रपती चौकातल्या चहाच्या टपरीवर थांबू लागल्या. जो बोलेल त्याच्याशी बोलायचं, नाव लिहायचं नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही, नंतर घरी आठवून टिपणं काढायची. त्यांनी ‘तुम्ही समाधानी आहात का’ हा प्रश्न पूर्ण सोडून दिला. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली महत्त्वाच्या प्रसंगांची पद्धत त्यांनी घेतली: मत विचारू नका, घडलेला प्रसंग विचारा. परवा पाळी संपताना काय केलं, तिथून सुरुवात. मागच्या महिन्यात कोणाला मदत केली, कधी करावीशी वाटली नाही, त्या दिवशी काय झालं होतं.

एक अनुभवी ऑपरेटर पहिले काही दिवस फक्त चहा पिऊन निघून जायचा. मग एकदा आपणहून म्हणाला, ‘मशीन तर आपलीच हाय ना मॅडम. तिच्यावर राग कायले काढू? पण लिहाचं मन नाही होत.’ संशोधिकेने विचारलं, आधी का लिहायचात? तो म्हणाला, ‘आधी वाटे का कोणीतरी वाचते.’

दुसऱ्याने बसचा विषय काढला. सूचना लागल्यावर तिघं जण इन्चार्जकडे गेले होते. इन्चार्जने एचआरकडे बोट दाखवलं, एचआरने वाहतूक ठेकेदाराकडे. ‘म्हने वरून आलं. वर म्हणजे कोण, तेबी सांगत नाही.’ त्या तिघांपैकी एकाची पंधरवड्यात ग्राइंडर विभागात बदली झाली. ग्राइंडरचं काम धुळीचं आणि कानठळ्या बसवणारं, कोणी मागून घेत नाही. ही बदली बसच्या चौकशीमुळे झाली का? कंपनीच्या म्हणण्यानुसार नाही, तिथे माणूस कमी होता. कागदपत्रांवरून खरं काय ते ठरवता येत नाही, आणि संशोधिकेने ते ठरवायचा प्रयत्नही केला नाही. पण सगळ्या बी-शिफ्टने दोन्ही घटना एकमेकींना जोडल्या होत्या, हे मात्र प्रत्येक बोलण्यातून वर येत होतं. बी-शिफ्टमध्ये ठेकेदारामार्फत लागलेली मुलं जास्त होती. त्यांना बदलीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही.

गप्प बसण्याचा अर्थ

असमाधानी माणूस काय करतो, याचं उत्तर आपण फार घाईने ‘काम कमी करतो’ असं देतो. संशोधन तसं सांगत नाही. संशोधक टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ३१२ नमुन्यांतल्या ५४,४१७ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली. समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे ०.३० निघाला. आहे, पण मध्यम. समाधानाच्या आकड्यावरून कोणाच्या कामाचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे, आणि कामावरून समाधानाचा अंदाज बांधणं तितकंच.

जास्त उपयोगी पडतो तो दुसरा धागा. अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं की एखाद्या संस्थेत बिघाड दिसला की माणसापुढे निघून जाणं आणि आवाज उठवणं असे दोन रस्ते असतात, आणि कोणता निवडला जाईल ते निष्ठा ठरवते. १९८३ साली संशोधक डॅन फॅरेल यांनी नोकरीच्या संदर्भात त्यात चौथी गोष्ट जोडली: दुर्लक्ष. माणूस हजर असतो, पाळी पूर्ण करतो, पण आतून हात काढून घेतो.

बी-शिफ्टचा प्रवास या मांडणीत स्पष्ट दिसतो. तिघांनी आवाज उठवला. उत्तर आलं नाही, उलट एकाची बदली झाली. निघून जाणं सोपं नव्हतं, कारण घर चालवायचं होतं आणि बुटीबोरीत दुसरीकडेही ठेकेदारच होता. उरला वहीतला रुंद रकाना. तो कोरा ठेवण्याला शिक्षा नव्हती, त्यात कोणाचं नाव येत नव्हतं. आणि ए-शिफ्ट, जिला सगळे कटकटी म्हणत होते, ती अजून बोलत होती. म्हणजे आपलं बोलणं कुठेतरी पोचेल असा तिचा विश्वास शिल्लक होता. माझ्या मते या अभ्यासाचं सगळ्यांत मोठं देणं हेच आहे. तक्रारींची संख्या कमी झाली म्हणून खूश होणारा व्यवस्थापक चुकीच्या शिफ्टकडे बघून खूश होत असतो.

बसचा खर्च वाचवणं मुळातच गैर होतं का? मला तसं वाटत नाही. डिझेल महाग आहे, कंत्राटं बदलतात. प्रश्न सांगण्याचा आहे. संशोधक जेराल्ड ग्रीनबर्ग यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवतो. अमेरिकेतल्या एका कंपनीने दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगारात १५ टक्के कपात केली, तिसऱ्यात केली नाही. कपात झालेल्या एका ठिकाणी वरिष्ठांनी सुमारे दीड तास बसून आकड्यांनिशी कारण सांगितलं, प्रश्न घेतले, खेद व्यक्त केला. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत घोषणा करून सभा संपवली. दोन्हीकडे कर्मचाऱ्यांकडून होणारी चोरी वाढली, पण नीट समजावलेल्या कारखान्यात बरीच कमी. नोकरी सोडून जाणारेही घाईने उरकलेल्या ठिकाणीच जास्त निघाले. कपात तेवढीच, खिशाला बसलेला चटका तेवढाच. फरक होता तो माणसाला माणूस समजून कारण सांगण्याचा. बी-शिफ्टच्या वाट्याला पंधरा मिनिटंही आली नव्हती, चार ओळी आल्या होत्या.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा, कारण या निष्कर्षाचा गैरवापर होताना मी पाहिला आहे. टपरीवरच्या बोलण्यांत पगाराचा विषय पुन्हा पुन्हा आला, बहुतेक वेळा सगळ्यांत आधी. ठेकेदाराची मुलं पर्मनंट माणसाच्या शेजारी त्याच मशीनवर तेच काम करतात आणि कमी घेतात. हे त्यांना रोज दिसतं, रोज सलतं. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंते आणि लेखापालांच्या मुलाखतींवरून मांडलं की पगार, धोरणं, देखरेख यांची उणीव असमाधान देते, तर खरं समाधान कामातून, यशातून, दखल घेतल्यातून येतं. प्रशिक्षणवर्गांत याचं ‘पगार महत्त्वाचा नाही’ असं रूपांतर होतं. हर्झबर्ग यांचे ते लोक चांगल्या पगाराचे व्यावसायिक होते. बेसापर्यंत रात्री पायी जाणाऱ्या मुलाला ती मांडणी जशीच्या तशी लावणं मला अन्यायाचं वाटतं. संशोधिकेने प्रबंधात पगाराचं प्रकरण वेगळं ठेवलं आणि बसच्या निष्कर्षात ते मिसळू दिलं नाही, हे त्यांनी फार योग्य केलं.

साहेबांच्या दालनात

सादरीकरणाआधीच एक कसोटीचा प्रसंग आला. कंपनीने शिफ्टवार मूळ कागद मागितले. मागणी वरकरणी साधी होती: आमच्याच लोकांनी भरलेत, आमच्याच कँटीनमध्ये भरलेत. संशोधिकेने नकार दिला. नावं नसली तरी अक्षरावरून, समासातल्या वाक्यावरून माणूस ओळखता येतो. त्यांच्या मार्गदर्शकांनीही हीच भूमिका घेतली आणि पत्राने कळवलं की एकत्रित निष्कर्षच मिळतील. परवानगी रद्द होण्याची भीती होती, प्रबंधाची सगळी मेहनत त्यात होती. तरी त्या हलल्या नाहीत. प्रश्नावलीवर ‘आपली माहिती गुप्त राहील’ हे छापणं सोपं असतं. ते वाक्य खरं ठेवण्याची वेळ अशी येते.

प्रकल्प प्रमुखांनी निष्कर्ष शांतपणे ऐकले. त्यांचा पहिला प्रश्न होता, बी-शिफ्टची एकही लेखी तक्रार नाही, मग त्रास होता हे कशावरून? दुसरा मुद्दा त्यांनी मांडला तो मी नागपुरात पुष्कळ ठिकाणी ऐकतो: इथला कामगार शेतीवाला, पोळा-मारबतला गायब, लग्नसराईत गायब, त्याचं मन कामात नसतंच.

ही तक्रार या शहरात फार जुनी आहे. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हाच्या गैरहजेरीचा उल्लेख त्यांच्या चरित्रांत येतो. तिथे उत्तर शिक्षेत शोधलं गेलं नाही. मिलमध्ये हवा खेळती ठेवण्याची सोय केली गेली, १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. देशात कामगार भरपाईचा कायदा झाला तो १९२३ साली. नागपूरच्या कामगाराविषयी बोलताना हा इतिहास समोर ठेवावा असं मला कळकळीने वाटतं. माणूस जिथे धरून राहावा असं वाटतं तिथे तो धरून राहतो, पोळ्याची सुटी घेऊनसुद्धा.

संशोधिकेने वाद घातला नाही. त्यांनी वहीच्या पानांच्या प्रती मांडल्या: एकाच मशीनचं मार्चमधलं पान आणि मेमधलं पान, सह्या आणि नावं झाकून. उत्पादन प्रमुख वाकून मार्चचा शेरा वाचू लागले आणि म्हणाले की हीटरचा हा बिघाड आम्हाला जूनमध्ये कळला. त्यानंतर चर्चेचा सूर बदलला. मशीनची भाषा त्यांना लगेच पटली, माणसाच्या भाषेला वेळ लागला. याचं मला वाईट वाटत नाही. पटण्याची वाट कुठूनही असो.

पुढे काय झालं

बी-शिफ्टच्या बसची शेवटची फेरी पुन्हा आत जाऊ लागली. पूर्वीइतकी नाही, मानेवाडा आणि बेसा धरून, हुडकेश्वर अजून बाहेरच आहे. हे सांगायला प्रकल्प प्रमुख स्वतः पाळी सुरू होताना शॉप फ्लोअरवर आले. खर्च किती होता, ठेकेदाराशी काय ठरलं, हुडकेश्वरला का जमत नाही, हे त्यांनी सांगितलं. प्रश्न आले, काहींची उत्तरं मिळाली. ग्राइंडरला गेलेला माणूस मूळ मशीनवर परत आला. त्याचं कारण मात्र कोणी जाहीर केलं नाही.

वह्या लगेच भरल्या नाहीत. काही मशीनपुढे शेरे काही आठवड्यांत परतले. विशेषतः तरुण मुलांनी लिहायला सुरुवात केली, आणि सी-शिफ्टचा इन्चार्ज ते वाचून खाली ‘पाहिलं’ असं लिहू लागला. ही युक्ती त्याची स्वतःची. संशोधिकेने सुचवलेल्या कुठल्याही उपायापेक्षा ती मला मोलाची वाटते, कारण ‘वाचते कोण’ या प्रश्नाला तिने त्याच रकान्यात उत्तर दिलं. टपरीवर बोललेला तो अनुभवी ऑपरेटर मात्र आजही ‘ओके’च लिहितो. संशोधिकेने कारण विचारलं तेव्हा तो हसला आणि मुलाच्या दहावीच्या निकालाविषयी बोलू लागला. गमावलेला विश्वास सगळ्यांचा एकाच वेगाने परत येत नाही, काहींचा येतही नाही, आणि प्रबंधात हे तसंच नोंदवलेलं आहे.

रिजेक्शन कमी झालं का? झालं. पण त्याच काळात पावसाळा सुरू झाला, एक साचा दुरुस्त होऊन आला आणि ड्रायर बदलला. म्हणून सुधारणेचं श्रेय बसला किंवा सभेला द्यायला संशोधिका तयार नाहीत. एक कारखाना, एक बदल, एक वही: यातून कारणमीमांसा सुचते, सिद्ध होत नाही. आता संशोधिका नागपूरजवळच्या हिंगणा परिसरातल्या दुसऱ्या कारखान्यात हीच पद्धत वापरणार आहेत. तिथे आधी रजिस्टर वाचणार, मग माणसांशी बोलणार, आणि प्रश्नावली सगळ्यांत शेवटी, कारखान्याबाहेर, बंद पाकिटात.

त्यांच्या अहवालातली एक शिफारस अजून प्रलंबित आहे. या कंपनीत शिफ्ट इन्चार्जच्या वार्षिक मूल्यमापनात ‘पाळीतून आलेल्या तक्रारी’ असा रकाना आहे आणि संख्या जास्त असली की गुण कमी होतात. तो रकाना काढून टाकावा आणि त्या जागी आलेल्या तक्रारीला किती दिवसांत उत्तर दिलं याची नोंद ठेवावी, असं त्यांनी लिहून दिलं आहे. बसपेक्षा हा बदल स्वस्त आहे, आणि मला विचाराल तर बसपेक्षा निकडीचा. कारण तो रकाना आहे तोवर प्रत्येक इन्चार्जचा फायदा त्याची शिफ्ट गप्प राहण्यात आहे. एचआरने विषय पुढच्या मूल्यमापन वर्षावर ढकलला आहे.